वडिलकीचा हक्क आणि माओरींची राणी

न्यूझीलंडातील माओरी लोकांचे राजे तूहेइतिया हे 30 ऑगस्ट 2024 रोजी निवर्तले. 5 सप्टेंबर रोजी, शवपेटी अद्याप समोर असतानाच, त्यांची 27 वर्षांची कन्या न्गा वाई होनो इ ते पो यांस राजपदी बसविण्यात आले. त्यांस दोन वडील बंधू आहेत. तेव्हा थोरल्यांस डावलून धाकटीस गादी दिली, ही परंपरेची पायमल्ली होय, असे कित्येकांस वाटते. आणि लोकशाहीच्या काळात हे राजेपण हवेच कशाला, असे दुसरे कित्येक विचारतात. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी दिसले तरी त्यांची समजूत एकच आहे. राजपद म्हणजे बापाकडून मुलाकडे चालत जाणारी इस्टेट, असे दोघेही गृहीत धरतात. वादाचे मूळ या गृहीतातच आहे.

हे पद काही अनादि नव्हे. गोऱ्या वसाहतवाल्यांस जमिनी विकल्या जात होत्या. त्यास आळा घालावा म्हणून निरनिराळ्या जमातींचे नायक सर्वांस मान्य होईल असा एक पुरुष शोधू लागले. कित्येक थोर नायकांनी हा मान नाकारला. अखेर वाइकातोच्या वृद्ध पोतातौ ते फेरोफेरो यांनी, तेही नाखुषीनेच, तो पत्करला. 1858 साली वीरेमू तामिहाना या नायकाने त्यांच्या मस्तकावर बायबल धरले. तेच बायबल 2024 सालीही वापरले गेले. म्हणजे या पदाचा जन्मच मुळी निवडीतून झाला. त्याची किंमतही लोकांनी मोजली: 1863 साली इंग्रजी फौजा वाइकातोत शिरल्या आणि पुढे सुमारे बारा लक्ष एकर जमीन सरकारजमा झाली.

माओरी समाजात ज्येष्ठत्वास मान नाही असे मात्र कोणी समजू नये. मान आहे, आणि मोठा आहे. पण तो निर्णायक नाही. प्रत्येक राजाच्या मृत्यूनंतर नायकांनी एकत्र येऊन निवड करावयाची, हा तेथील परिपाठ. 1966 साली राजे कोरोकी वारले तेव्हा त्यांचा दत्तक पुत्र रॉबर्ट महुता हयात होता; तथापि निवड झाली ती कन्या ते आताइरंगिकाहू यांची. त्यांनी चाळीस वर्षे हे पद सांभाळले. रॉबर्ट महुतांनी जप्त जमिनींविषयी सरकारशी बोलणी चालविली आणि 1995 साली 17 कोटी डॉलरांची भरपाई व माफी पदरात पाडून घेतली. गादी न मिळालेला मनुष्य निरुपयोगी ठरतो, ही कल्पना तेथे नाही.

ज्यांस थोरल्या मुलाचा कायदा हवा असेल त्यांनी टोंगाकडे पाहावे. तेथे पुत्रास कन्येआधी व थोरल्यास धाकट्याआधी गादी, हे 1875 च्या लेखी राज्यघटनेने ठरविले. आणि ती घटना घडविण्यात शर्ली बेकर या मिशनऱ्याचा हात होता. जुने म्हणून ज्याचा गौरव होतो ते कधी कधी इतके नवे असते!

आता दुसऱ्या पक्षाविषयी. माओरी राजास न्यूझीलंडच्या कायद्याने कसलीही सत्ता नाही. कर नाही, फौज नाही. न्गापुहीसारख्या कित्येक जमाती तर या चळवळीत सामीलही नाहीत. तरीही सरकारच्या धोरणाने वाइतांगीचा करार धोक्यात आला असे वाटताच जानेवारी 2024 मध्ये तूहेइतियांनी हाक दिली, आणि न्गारुआवाहिया येथे सुमारे दहा हजार माणसे जमली. जी सत्ता हाकेवरच चालते तिला सरंजामशाही म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे.

आमचा आक्षेप निराळाच आहे. आजवरचे आठही राज्यकर्ते एकाच घराण्यातले निघाले. निवड होते ती बारा जणांच्या मंडळात, आणि तेथील खल बाहेर ऐकू येत नाही. नायकांनी परक्या जमातींचे दरवाजे ठोठावीत राजा शोधला, त्या काळाचे मोकळेपण आज कितपत उरले आहे? टीका करावयाचीच असेल तर ती येथे करावी. दोन बंधूंच्या वतीने अश्रू ढाळण्याचे कोणास काही कारण नाही.