'भरभर'च्या उलट काय?

परवा चौथीच्या वर्गात विरुद्धार्थी शब्द घेतले. 'भरभर'समोर बहुतेकांनी 'हळूहळू' लिहिलं. एका मुलानं मात्र लिहिलं, 'नीट'! मी फुली मारली आणि पुढची वही ओढली.

घरी आल्यावर लाडवांसाठी बेसन भाजायला घेतलं. घाईत गॅस मोठाच राहिला. खालचं बेसन लगेच तांबूस झालं, चव घेतली तर कच्चट! तेव्हा ती फुली आठवली. "भरभर नको, नीट लिही," असं त्या मुलाला घरी रोज ऐकू येत असणार. मग त्याचं चुकलं कुठं?

मैत्रिणींनो, 'जलद'च्या उलट आपल्याकडे एकच का शब्द आहे? नदी संथ वाहते, वारा मंद वाहतो, गाण्यात द्रुत लयीच्या उलट विलंबित. 'हळू' हा 'लघु'वरून आलेला, म्हणजे हलका; म्हणून बाळ झोपलं की आपण हळू चालतो आणि हळू बोलतोही. 'सावकाश' म्हणजे स-अवकाश, मोकळा वेळ असलेला. पंगतीत "सावकाश होऊ द्या" म्हणताना आपण पाहुण्याला वेळच वाढत असतो!

पण हे शब्द माणसाला लावताना जपावं. आच मंद असली तर पदार्थ खमंग होतो. मुलाला 'मंद' म्हटलं की शिक्काच बसतो. सकाळच्या गडबडीत, बुटाची नाडी बांधत बसलेल्या लेकीला मीही एकदा म्हणून गेले, "किती मंद गं तू!" चार दिवसांनी भातुकलीत ती बाहुलीला तेच म्हणत होती. काळजात चर्र झालं. पोर नाडी सावकाश बांधत होती, एवढंच तर खरं होतं.

शनीचंही एक नाव 'मंद' आहे. सूर्याभोवती एका फेरीला त्याला २९ वर्षांहून अधिक लागतात. पण म्हणून तो वाट चुकत नाही.

आता मी लेकीला दहा मिनिटं आधी उठवते. नाडी तीच बांधते, मी डबा भरते. तुम्हीही करून बघा. त्या मुलाला सांगितलं, "परीक्षेत 'सावकाश' लिही हं, पण तुझंही खोटं नाही." आणि फुली खोडली.

आणि हो, ते बेसन! चमचाभर तूप सोडून बारीक गॅसवर पुन्हा परतलं, खमंग वास सुटेपर्यंत. लाडू चांगले झाले.