दूध नाही म्हणजे पौष्टिक, असं नाही!

"डॉक्टर, बिनदुधाचं चॉकलेट म्हणजे पौष्टिकच ना?" ईस्टरच्या आधी हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर: नाही.

दूध वगळलं म्हणून साखर कमी होत नाही. ७० टक्के कोको असलेल्या १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्येही साधारण ३० ग्रॅम साखर असते. गूळ किंवा मध वापरला, तरी शरीराच्या लेखी तीही साखरच.

तरीही ईस्टरची अंडी घरीच करा, असं मी सुचवेन. काय आणि किती घालायचं हे तुमच्या हातात राहतं. डार्क चॉकलेट गरम पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या भांड्यात वितळवा. पाण्याचा थेंब पडला तर त्याचा गोळा होतो. त्यात खजुराचे बारीक तुकडे आणि (ॲलर्जी नसल्यास) भाजलेल्या बदामाचं कूट घाला. साचे लहान घ्या, म्हणजे खाणंही बेताचं होतं.

मात्र एक फरक लक्षात ठेवा. लॅक्टोज पचत नसेल तर पोट फुगतं, जुलाब होतात. पण दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या जिवावर दुधाचा अंशही बेतू शकतो. डार्क चॉकलेट अनेकदा मिल्क चॉकलेटच्याच यंत्रांवर बनतं. वेष्टनावर 'दुधाचे अंश असू शकतात' अशी सूचना असेल, तर त्या मुलासाठी ते घेऊच नका.

आणि ज्या मुलाला दूध सोसतं, त्याचं दूध उगाच तोडू नका.