काडीकिडा पाळण्यात गैर काय?

किडा म्हटले की आपल्या घरात आधी केरसुणी शोधली जाते, नाहीतर फवाऱ्याचा डबा. त्यामुळे शाळकरी मुलाने बरणीत काडीकिडा आणून 'मी हा पाळणार' असे जाहीर केले, की घरात गोंधळ उडतो. चावेल का? विषारी असेल का? रोगराई येईल का? पालकांचे हे प्रश्न रास्त आहेत. पण उत्तरे ऐकून न घेताच बरणी बाहेर फेकणे योग्य नाही, असे आमचे मत आहे.

वाळक्या काडीला पाय फुटावेत तसा दिसणारा हा कीटक फक्त झाडांचा पाला खातो. जगात त्याच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत. पावसाळ्यात आपल्या सह्याद्रीच्या रानातही तो आढळतो. तामिळनाडूतील एक जात तर शंभर वर्षांहून अधिक काळ युरोपातल्या प्रयोगशाळांत आणि शाळांच्या वर्गांत पाळली जात आहे. या जातीची मादी नराशिवायच अंडी घालते आणि त्यांतून पिल्ले निघतात.

आता आरोग्याचा मुद्दा. काडीकिड्याला नांगी नसते. तो डासासारखा रक्त शोषत नाही, की माशीसारखा घाणीवरून उठून अन्नावर बसत नाही. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग असल्याने त्याचीही भीती नाही. कुत्र्या-मांजराच्या केसांनी व कोंड्याने ज्यांना शिंका येतात, दम लागतो, त्यांच्या घरात हा पाहुणा त्या मानाने सोयीचा. भाड्याच्या दोन खोल्यांतही तो मावतो आणि खर्च जवळजवळ शून्य.

किडा पाळून माणसाला काय मिळणार, असे कोणी विचारील. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ९४ वृद्ध सहभागी झाले होते. त्यांतील एका गटाला आठ आठवडे सांभाळण्यासाठी रातकिडे देण्यात आले. या गटातील वृद्धांची उदासीनता दुसऱ्या गटाच्या मानाने कमी झाल्याचे आढळले. फरक फार मोठा नव्हता आणि पाहणीही लहानच होती. पण आपल्यावर अवलंबून असलेला एक जीव घरात असला की मनाला उभारी येते, हे त्यातून दिसते. दुपारभर एकट्या असणाऱ्या आजी-आजोबांनी आणि नातवाने मिळून ही बरणी सांभाळली, तर दोघांचाही फायदा आहे.

मात्र पाळायचे तर नियम पाळूनच.

बरणी किड्याच्या लांबीच्या किमान तिप्पट उंच असावी. कात टाकताना तो उलटा लोंबकळतो. जागा अपुरी पडली तर त्याचे पाय वाकडे होतात. तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधावे. ज्या झाडावर तो सापडला त्याच झाडाचा ताजा पाला द्यावा. औषध फवारलेला पाला चुकूनही देऊ नये. संध्याकाळी पानांवर थोडे पाणी शिंपडावे, कारण तो ते थेंब पितो. पाय धरून ओढू नये. पाय तुटून हातात येतो.

बरणीत ओल साचली की बुरशी धरते आणि दम्याच्या मुलाला तिचा त्रास होतो. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी बरणी स्वच्छ करावी आणि झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. हाताळल्यानंतर साबणाने हात धुणे सक्तीचे. किडा चेहऱ्याजवळ नेऊ नये. अमेरिकेच्या आग्नेय भागातील एक जात बचावासाठी दाहक द्रव उडवते. तो डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते. कोणत्याही किड्याचा द्रव डोळ्यांत गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक गोष्ट. बियांसारखी दिसणारी अंडी लेंड्यांबरोबरच बरणीच्या तळाशी पडतात. परगावाहून आणलेल्या जातीची असतील, तर कचऱ्यात टाकण्यापूर्वी त्यांवर उकळते पाणी ओतावे. आपल्या तामिळनाडूचाच काडीकिडा अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बागांत मोकळा सुटला आणि तेथे शोभेच्या झाडांना उपद्रव देऊ लागला. स्थानिक किडा असेल तर चार-आठ दिवस निरीक्षण करून तो होता त्याच झाडावर सोडून द्यावा. अभयारण्यातून मात्र काहीही उचलू नये. तो कायद्याने गुन्हा आहे.

पालकांनो, काडीकिड्याच्या भीतीने बंद खोलीत कीटकनाशक फवारले, तर ते किड्याबरोबर मुलांच्याही श्वासात जाते, फळीवरच्या भांड्यांवर बसते. घरात किड्याची बरणी असण्यापेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे. तेव्हा मुलाने बरणी आणली तर रागावू नका. साबणाची वडी त्याच्या हाती द्या, रोजचा पाला कोण आणणार हे ठरवा, आणि रात्री जेवणे आटोपल्यावर दिवा मंद करून बरणीजवळ बसा. काडीकिडा रात्रीच चालतो, रात्रीच खातो. तेवढा अर्धा तास दूरदर्शन संच बंद राहिला, तर घरातल्या सगळ्यांच्याच प्रकृतीला बरे.