शिंपल्याची मूठ

आमच्या टेबलाच्या खणांत शिंपल्याच्या मुठीचा एक मिटणारा चाकू आहे. तो आमचा नव्हे. रघुवंशाचा पाठ चालला असतां मागील बाकावरून सारखा ‘टक्’ असा आवाज येई, म्हणून आम्हीं तो एका विद्यार्थ्यापासून काढून घेतला.

तो आवाज कारागिरीचीच खूण होती. असल्या चाकूच्या पाठींत एक पोलादी कमान ताणून बसविलेली असते. पातें उघडतां अगर मिटतां तीच त्यास जागेवर खेंचते. तिचा व पात्याचा मेळ कारागीर हातानें घासून घासून बसवितो. शिंपला तर फारच ठिसूळ; खिळ्यासाठीं भोंक पाडतांना घाई झाली, कीं तडा गेलाच.

इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं हा धंदा फार जुना. तेथील चाकू-कारागिरांचा संघ इ. स. १६२४ मध्यें कायद्यानें स्थापन झाला. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत तेथील रॉजर्स कंपनीनें ७५ पातीं व हत्यारें असलेला, कोरीव शिंपल्याच्या मुठीचा प्रचंड चाकू मांडिला होता.

आमच्या खणांतील चाकूस पातें एकच. वर्षअखेरीस तो मुलगा शाळा सोडून गेला. त्यानें चाकू मागितला नाहीं. आमच्या धाकानें धीर झाला नसावा. आम्ही दरसाल सांध्यांत तेलाचा थेंब सोडतों, मूठ कोरड्या फडक्यानें पुसतों, आणि दरसाल ओशाळतों. वाचकहो, शिस्तीसाठीं मुलाची वस्तु अवश्य काढून घ्यावी. परंतु ती परत देण्याचा दिवसही त्याच वेळीं ठरवावा.