नऊ वर्षांचं पोर फुकट, दहा वर्षांचं 'मोठं'! डिस्नेमधल्या जेवणाच्या बिलाचं गणित नेमकं काय आहे?

समजा, तुमच्या घरात अकरा वर्षांची मुलगी आहे. जेवण म्हणजे अर्धी पोळी, दोन घास भात आणि 'बास, पोट भरलं'. तिला घेऊन तुम्ही अमेरिकेत ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला गेलात. संध्याकाळी मिकी माऊससोबत जेवायचं ठरलं. बुकिंग करताना स्क्रीनवर लेकीच्या नावापुढे शब्द दिसतो, 'अ‍ॅडल्ट'. म्हणजे दर बाबांच्या ताटाचा, आणि ताटात पडणार अर्धी पोळी.

अमेरिकेतल्या पालकांची ही जुनी तक्रार आहे. आता ती आपल्याकडच्या घरांतही पोहोचली आहे, कारण अमेरिकेत नोकरीला असलेली मराठी कुटुंबं आणि सुट्टीत त्यांच्याकडे जाणारे आजी-आजोबा, भाचे-पुतणे यांच्या यादीत डिस्ने असतंच. त्यात २०२६ साठी डिस्नेने ३ ते ९ वर्षांच्या मुलांना जेवणाचा प्लॅन फुकट देण्याची ऑफर आणली. ऐकायला झकास. पण नऊ आणि दहा यांच्यातली दरी त्यामुळे आणखी रुंद झाली.

हा प्रकार नेमका काय आहे, कमी खाणाऱ्या मुलाचे पैसे कुठे जातात आणि यातून वाट काय, ते समजून घेऊ.

आधी नियम काय आहे ते बघू

वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये वयाचे तीन कप्पे आहेत. ३ वर्षांखालचं बाळ फुकट, तिकिटालाही आणि बुफेलाही. ३ ते ९ म्हणजे 'चाइल्ड'. आणि दहावा वाढदिवस झाला की थेट 'अ‍ॅडल्ट'. मधला टप्पाच नाही. दहा वर्षांचा मुलगा आणि चाळीस वर्षांचे बाबा एकाच रांगेत.

गंमत म्हणजे हा कप्पा देशागणिक बदलतो. पॅरिस आणि हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये तिकिटासाठी ३ ते ११ वयाची मुलं लहान धरतात. टोकियोत ४ ते ११ लहान, १२ ते १७ 'ज्युनिअर' आणि १८ पासून मोठी. म्हणजे तीच दहा वर्षांची मुलगी टोकियोत लहान आणि ऑर्लँडोत मोठी. पोट मात्र दोन्हीकडे तेवढंच.

आपल्याला हे नवीन नाही. एसटीत आणि रेल्वेत 'हाफ तिकीट' काढताना कंडक्टरसमोर मुलाचं वय एखाद्या वर्षाने कमी सांगणारे आई-बाबा प्रत्येकाने पाहिलेत. रेल्वेने २१ एप्रिल २०१६ पासून नियम बदलला. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, बर्थ नको असेल तर अर्धं. रेल्वेचं म्हणणं सरळ आहे: मूल लहान असो वा मोठं, बर्थ एकच अडतो.

पण जेवणाचं तसं नाही. लहान पोट कमी जागा अडवतं. मग दर वयावर का?

वय विचारता येतं, भूक मोजता येत नाही

कारण हे असं आहे. हॉटेलवाल्याला दारात उभ्या माणसाची भूक किती आहे ते कळत नाही. वय मात्र लगेच कळतं, आणि त्यावर वाद कमी होतो. म्हणून बुफे असो की आपल्याकडची अनलिमिटेड थाळी, दर ठरतो तो सरासरी खाणाऱ्यावर. जास्त खाणाऱ्याचा खर्च कमी खाणाऱ्याच्या पैशातून निघतो. तुमची अर्धी पोळी खाणारी लेक शेजारच्या टेबलावरच्या दणकट काकांची तिसरी प्लेट भरत असते.

थाळीच्या हॉटेलात भिंतीवर 'शेअरिंग चालणार नाही' अशी पाटी का असते, तेही यावरून कळेल. दोघांत एक थाळी चालू दिली तर कमी खाणारे सगळे तेच करतील आणि सरासरीचं गणितच कोसळेल.

डिस्नेत याला आणखी एक पदर आहे. तिथे अनेक रेस्टॉरंटमध्ये 'कॅरेक्टर डायनिंग' असतं. तुम्ही जेवत असता आणि मिकी, मिनी, गूफी टेबलापाशी येऊन मिठी मारतात, सही देतात, फोटो काढून देतात. म्हणजे बिल फक्त जेवणाचं नाही, मिठीचंही आहे. आणि मिठी हवी असते ती मुलालाच, बाबांना नाही. त्यामुळे मूल दोन घास खाणार हे माहीत असूनही आई-बाबा पैसे देतात. कंपनीलाही हे पक्कं ठाऊक आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात डिस्नेच्या विभागांच्या एकूण नफ्यातला निम्म्याहून जास्त वाटा पार्क, हॉटेलं, क्रूझ यांच्या विभागातून आला. सिनेमा आणि स्ट्रीमिंग मागे राहिले.

आता प्रत्यक्ष बिल मांडू

आई, बाबा, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा असं कुटुंब धरू. डॉलर सोयीसाठी ८५ रुपये.

'शेफ मिकीज' हे तिथलं प्रसिद्ध कॅरेक्टर रेस्टॉरंट. रात्रीच्या जेवणाला मोठ्यांचा दर साधारण ६५ डॉलरच्या पुढे आणि लहानांचा ४० च्या पुढे असतो. कमीत कमी धरू:

- तीन 'मोठे': १९५ डॉलर
- एक लहान: ४० डॉलर
- एकूण: २३५ डॉलर
- त्यावर साडेसहा टक्के विक्रीकर आणि अमेरिकेच्या रिवाजाप्रमाणे किमान १८ टक्के टिप

बेरीज जाते २९० डॉलरच्या पुढे, म्हणजे जवळपास २५ हजार रुपये. एका वेळचं जेवण. यात अकरा वर्षांच्या मुलीचा वाटा करासकट आणि टिपसकट ८१ डॉलरच्या आसपास, म्हणजे साधारण ६,९०० रुपये. आणि तिने खाल्लं काय? थोडा पास्ता आणि मिकीच्या आकाराचं वॅफल.

आता तेच कुटुंब काउंटरवरून जेवण घेतं असं समजू. इथे लहान मुलांचं जेवण साधारण ७ ते १० डॉलरला मिळतं, सोबत फळं किंवा भाजी आणि पेय. मोठ्यांची प्लेट साधारण १३ ते १८ डॉलर. आणि महत्त्वाची गोष्ट: काउंटरवर मुलांचं जेवण कुणीही मागवू शकतं, तिथे वय विचारत बसत नाहीत. अकरा वर्षांच्या मुलीचं काम नऊ-दहा डॉलरमध्ये होतं. बुफेच्या बिलाशी तुलना केली तर आठपट फरक.

डायनिंग प्लॅन: फायदा कुणाचा?

इथेच बहुतेक लोक गोंधळतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवता येतात. करोनात बंद पडलेली ही योजना जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षीचे एका रात्रीचे दर असे होते:

- काउंटरचा प्लॅन (दोन जेवणं, एक खाऊ): मोठ्यांना ५७.०१ डॉलर, लहानांना २३.८३
- टेबलवर बसून जेवायचा प्लॅन (एक टेबलचं जेवण, एक काउंटरचं, एक खाऊ): मोठ्यांना ९४.२८ डॉलर, लहानांना २९.६९

पुन्हा पुन्हा भरून घेता येणारा मग दोन्हींत मिळतो. अट अशी की एका खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी तोच प्लॅन घ्यायचा. 'आम्ही दोघं घेतो, पोरगी कमी खाते, तिला नको', असं चालत नाही.

दुसऱ्या प्लॅनमध्ये नऊ आणि दहा वर्षांच्या मुलात फरक पडतो ६४.५९ डॉलरचा. पाच रात्रींचे झाले ३२२.९५ डॉलर, म्हणजे साधारण २७,४५० रुपये. फक्त एका वाढदिवसाचे! आणि जिथे नऊ वर्षांच्या मुलाचा प्लॅन फुकट आहे, तिथे दहा वर्षांच्या मुलाची सगळीच रक्कम हा फरक ठरतो.

पण एक उलटी बाजूही आहे आणि ती सांगायला हवी. सहा वर्षांच्या मुलासाठी हा प्लॅन उलट स्वस्त पडू शकतो. २९.६९ डॉलरमध्ये ४० डॉलरचं कॅरेक्टर जेवण बसतं. मुलाने एक घास खाल्ला तरी हिशेब जमतो. अट एकच, ते महागडं जेवण तुम्ही प्लॅन नसतानाही घेणार होतात का? नसाल, तर ती बचत नाही, तो नवा खर्च आहे.

दहाच्या पुढच्या कमी खाणाऱ्या मुलाचं गणित मात्र जमत नाही. ९४ डॉलर वसूल व्हायचे तर त्याने रोज मोठ्या माणसाचं टेबलचं जेवण, काउंटरचं पूर्ण जेवण आणि खाऊ, सगळं संपवायला हवं.

'फुकट' ऑफरमध्येही तेच बघायचं. मुलाचा प्लॅन फुकट मिळतो तो मोठ्यांनी हॉटेल आणि स्वतःचा प्लॅन यांसकट पॅकेज विकत घेतलं तर. आई-बाबांचे रोजचे दोन प्लॅन आधी मोजा, मग फुकट म्हणा.

पैसे वसूल करायचे कुणी? मुलाने?

खरा प्रश्न इथे आहे. माणशी दर भरला की आपल्या डोक्यात 'पैसा वसूल' सुरू होतं. लहानपणी एका अनलिमिटेड थाळीच्या हॉटेलात माझी पूर्ण थाळी लावली होती. मला दुसरी पुरी जात नव्हती. बाबा म्हणाले, "अगं पैसे भरलेत, निदान श्रीखंड तरी संपव." संपवलं. घरी जाताना रिक्षात उलटी झाली. घरात हा किस्सा आजही हसत सांगतात, पण श्रीखंडाची वाटी पुढे आली की मला आधी ती रिक्षा आठवते.

आपल्याकडे म्हणतात, खाऊन माजावं पण टाकून माजू नये. म्हण चांगलीच आहे. पण ताटात किती वाढायचं हे जिथे आपल्या हातात असतं, तिथली ती म्हण आहे. जिथे पैसे आधीच गेलेत आणि ताट दुसऱ्याने ठरवलंय, तिथे ती मुलावर लादली की दबाव होतो.

बाळाच्या पहिल्या वर्षानंतर वाढीचा वेग मंदावतो, त्यामुळे भूकही कमी होते. त्यात ऊन, रांगा, राइड्स आणि उत्साह. पार्कमध्ये मूल कमी खाणार हे जवळपास ठरलेलंच. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेला एक नियम बालआहारात खूप वापरला जातो: काय, कधी आणि कुठे खायचं हे पालकांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. माणशी दराचं बिल नेमका हाच नियम मोडायला लावतं.

मग करायचं काय?

- डबा न्या. डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःचं खाणं आत नेता येतं. काचेच्या वस्तू आणि दारू नको, आणि जे नेताय ते गरम करावं लागू नये. खाकरा, फळं, सँडविच, लाडू सगळं चालतं.
- पाणी विकत घेऊ नका. पेयं विकणाऱ्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं. मागावं लागतं, एवढंच.
- काउंटरवर मुलांचं जेवण मागवा, मूल बारा वर्षांचं असलं तरी. हवं तर एका मोठ्या प्लेटमध्ये दोघं खा.
- मिठी हवी असेल तर एकदाच, आणि भुकेच्या वेळी. तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत किंवा दहावा वाढदिवस यायच्या आत गेलात तर बिलात मोठा फरक पडतो. पात्रं पार्कमध्येही भेटतात, रांग लावून, जेवणाशिवाय.
- प्लॅनआधी कागदावर हिशेब करा. तुमचं मूल घरी जेवढं खातं तेवढंच धरा. उरलेलं क्रेडिट हॉटेल सोडायच्या दिवशी मध्यरात्री संपतं. शेवटच्या दिवशी पिशवीभर चॉकलेटं घेणारी कुटुंबं दिसतात ती त्यामुळेच.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

डब्याच्या बाबतीत डिस्ने आपल्यापेक्षा उदार आहे. आपल्याकडच्या मोठ्या पार्कांमध्ये साधारणपणे बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. यावर कायदा काय म्हणतो याचा अंदाज सिनेमागृहांच्या प्रकरणावरून येतो. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे थिएटरचा मालक ठरवू शकतो. मात्र पिण्याचं पाणी मोफत मिळावं आणि तान्ह्या बाळासाठीचं खाणं आणायला आडकाठी नसावी, हेही नोंदवलं.

तान्ह्या बाळाची सोय झाली. चार वर्षांच्या, अर्धी पोळी खाणाऱ्या मुलाची नाही. त्याच्यासाठी काउंटरवर काय आहे? बहुतेक ठिकाणी मोठ्यांचीच प्लेट, मोठ्यांच्याच दरात. तिथे तर वयाचा कप्पाही नाही.

उपाय फार अवघड नाही. प्रत्येक काउंटरवर छोटी प्लेट ठेवा, तिचा दर छोटा ठेवा आणि ती कुणालाही घेऊ द्या: चार वर्षांच्या नातवाला, अकरा वर्षांच्या मुलीला आणि रात्री हलकं खाणाऱ्या आजीलाही. भूक वयावर ठरत नाही, हे आजीलाही माहीत आहे. मेन्यू ठरवणाऱ्यांनीही ते लक्षात घ्यावं.

तोवर तिकीट काढताना मुलाचं वय खरं सांगा. आणि ताटात उरलेल्या घासांचा हिशेब त्याच्याकडे मागू नका.