मोल आणि ऋण

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘वॉर हॉर्स’ या २०११ सालच्या युद्धपटाच्या केंद्रस्थानी सेनापती नाही, एक मुका जीव आहे. मायकेल मॉरपुर्गो यांच्या १९८२ मधील कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील शेतकऱ्याचा मुलगा अल्बर्ट हा जोई नावाच्या घोड्याला जिवापाड जपतो. १९१४ साली महायुद्ध सुरू होते. शेताचा खंड थकलेला असतो, म्हणून वडील तीस गिनी घेऊन जोईला सैन्याच्या हवाली करतात. व्यवहार चोख होतो. मुलाचे मन मात्र त्या हिशेबात कोठेच धरलेले नसते.

पुढे फ्रान्सच्या रणभूमीवर जोईचे धनी बदलत जातात. अवजड तोफा ओढून खंगलेला त्याचा सोबती टॉपथॉर्न अखेर प्राण सोडतो. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे, हा एक सांगितला आहे. हा प्रसंग पाहणाऱ्याला त्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

युद्ध संपल्यावर अधिकाऱ्यांचे घोडे तेवढे मायदेशी न्यावयाचे आणि उरलेल्यांचा लिलाव करावयाचा, असा हुकूम निघतो. अल्बर्टचे सहकारी वर्गणी काढतात, परंतु एक फ्रेंच वृद्ध शंभर पौंडांची बोली लावतो. अखेर त्या दोघांचा जिव्हाळा पाहून तो जोईला अल्बर्टच्या स्वाधीन करतो.

पडद्यावरील जोई घरी परतला. प्रत्यक्षातील हजारो घोडे परतले नाहीत. ब्रिटिश सैन्याने इजिप्तमध्ये विकून टाकलेले असे घोडे १९३० साली कैरोत डोरोथी ब्रुक या इंग्रज महिलेच्या दृष्टीस पडले. वार्धक्याने खंगलेले ते जीव अजूनही कष्ट उपसत होते. १९३१ साली त्यांनी ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्रातून आवाहन केले. लोकांच्या देणग्यांतून सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले गेले आणि १९३४ साली कैरोत प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. असाध्य पीडेतील बहुतेक घोड्यांना तेथे वेदनामुक्तीसाठी मरण देण्यात आले. जैन दृष्टीला हा मार्ग मान्य होणे कठीण. तथापि विकलेल्या जनावराचेही आपण काही लागतो, ही जाणीव आदरणीयच आहे.

व्यापारात निरुपयोगी वस्तू मोडीत काढली जाते. जीव मोडीत काढता येत नाही, या श्रद्धेतूनच पूर्वजांनी पांजरपोळ उभे केले. तेथील जनावराकडून काही मिळावयाचे उरलेले नसते, परंतु त्याला वैरण आणि पाणी रोज लागते. पर्युषणात त्यासाठी काढलेली रक्कम दानाच्या खाती लिहिली जाते. ती देण्याच्या खाती लिहिणे अधिक यथार्थ ठरेल.