जुन्या विज्ञानकथांवरचे खटले

जुन्या विज्ञानकथांचा विषय निघाला की वाचकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, "कालबाह्य झालंय ते सगळं, आता वाचवत नाही." दुसरा उसासा टाकतो, "तसं लिहिणारे आता राहिले नाहीत." भांडण कडाक्याचं दिसतं, पण कथेशी वाद घालायची तयारी दोघांचीही नसते. एकाने ती भंगारात काढलेली असते, दुसऱ्याने देव्हाऱ्यात बसवलेली. विज्ञानकथा तर उभीच असते 'समजा असं झालं तर' या गृहीतकावर. ते गृहीतक कोणी धरलं, का धरलं, कुणाच्या सोयीसाठी धरलं, हे न विचारता दिलेलं कुठलंही मत, मग ते निंदेचं असो की स्तुतीचं, मला मान्य नाही.

हवेत बोलण्यापेक्षा एक ग्रंथच समोर घेऊ. अमेरिकेतल्या विज्ञानकथालेखकांनी १९६५ साली आपली संघटना काढली आणि 'नेब्युला' पुरस्कार सुरू केले. त्याआधीच्या कथांचं काय करायचं, म्हणून सभासदांकडून मतदान घेण्यात आलं आणि रॉबर्ट सिल्व्हरबर्गच्या संपादनाखाली १९७० साली 'द सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम'चा पहिला खंड निघाला. त्यात १९३४ ते १९६३ या काळातल्या २६ कथा आहेत. सर्वाधिक मतं मिळाली आयझॅक असिमोव्हच्या 'नाइटफॉल'ला, दुसऱ्या क्रमांकाची स्टॅन्ली वाइनबॉमच्या 'अ मार्शियन ओडिसी'ला. हा मतदानाचा निकाल आहे, वेदवाक्य नव्हे, हे भक्तांनी लक्षात ठेवावं. तो अडाण्यांचा बाजारही नाही, हे निंदकांनी.

पहिला आरोप शिळ्या विज्ञानाचा. वाइनबॉमचा मंगळ घ्या. तिथल्या विरळ हवेत माणूस सरळ श्वास घेतो, पायी भटकतो, वाटेत त्याला नाना प्राणी भेटतात. कथा १९३४ची. १९६५च्या जुलैत 'मरिनर ४' मंगळाजवळून गेलं आणि त्याने पाठवलेल्या चित्रांत विवरांनी भरलेला उजाड मुलूख दिसला. तेवढ्यावर कथा मेली म्हणायची का? तिच्यातला ट्वील हा शहामृगासारखा दिसणारा मंगळवासी माणसाचे पाच-सहा शब्द उचलतो आणि त्यांच्यावर भागवतो. माणसाला मात्र त्याच्या भाषेतला एकही शब्द धरता येत नाही, कारण तो दर वेळी बदलतो. आपल्याइतकाच हुशार, पण ज्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळायला वाव नाही असा कोणी भेटला तर, हे त्या कथेचं गृहीतक. मंगळ ही निव्वळ भेटीची जागा. जागा खोटी ठरली, भेट ठरली नाही.

हाइनलाइनच्या 'द रोड्स मस्ट रोल'मधले सरकते रस्तेही कुठे आले नाहीत. पण सगळं शहर ज्यांच्या हातावर चालतं त्या तंत्रज्ञांनी काम थांबवलं तर, हा तिचा प्रश्न कुठल्याही महानगराला आजही घाम फोडेल. हाइनलाइनचं उत्तर लष्करी शिस्तीचं आहे आणि मला ते अजिबात पटत नाही. कथेशी भांडायचं तर तिथे भांडावं. रस्ते आले नाहीत, ही तक्रार फारच स्वस्तातली.

आता खरा गाजलेला खटला. टॉम गॉडविनची 'द कोल्ड इक्वेशन्स' १९५४च्या ऑगस्टमध्ये 'अस्टाउंडिंग' मासिकात आली. एका दूरच्या ग्रहावर सहा माणसं तापाने मरणाच्या दारात आहेत. त्यांच्यासाठी लस घेऊन एक छोटं यान निघालंय. इंधन अगदी मोजून, एकट्या वैमानिकाच्या वजनाला पुरेल इतकंच. यानात मॅरिलिन नावाची अठरा वर्षांची मुलगी लपून बसलेली सापडते. भावाला भेटायचं, फार तर दंड भरावा लागेल, एवढीच तिची समजूत. जादा वजनाने यान उतरताना कोसळणार आणि सगळेच मरणार, म्हणून तिला बाहेर अवकाशात सोडावं लागतं. वैमानिक दुष्ट नाही, कोणीच दुष्ट नाही, दोष भौतिकशास्त्राचा.

भक्त म्हणतात, हीच खरी विज्ञानकथा: निसर्ग कुणाच्या वयाकडे बघत नाही. निंदक म्हणतात, कसला निसर्ग? हा इंजिनिअरिंगचा ढिसाळपणा आहे. आणि इथे मी उघडपणे निंदकांच्या बाजूचा आहे. लपून आलेला माणूस सापडताक्षणी बाहेर टाकावा, असा लेखी नियम त्या कथेत आहे. नियम आहे, म्हणजे कोणी लपून येऊ शकतं हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. तरी दाराला धड कुलूप नाही. पाटी आहे ती 'प्रवेश निषिद्ध' छापाची, आत शिरलात तर जीव जाईल असं तिच्यावर कुठेही नाही. कपाटात कोणी सजीव असल्याचं दाखवणारं मापक यानात आहे, पण त्याच्याकडे लक्ष जातं ते यान सुटल्यावर. निघण्याआधी कपाटाचं दार उघडून बघायला किती इंधन लागलं असतं? ही समीकरणं निसर्गाने मांडलेली नाहीत. ती कुठल्या तरी कार्यालयात, खर्चाचा कागद समोर ठेवून मांडलेली आहेत.

इथवर निंदकांशी माझं एकमत. पुढे ते म्हणतात, "म्हणून कथा टाकाऊ," तिथे मी फारकत घेतो. त्या काळच्या मंडळींनी सांगून ठेवलंय की गॉडविन दर खर्ड्यात मुलीला वाचवायची काही ना काही युक्ती काढत होता आणि संपादक जॉन कॅम्पबेल कथा परत पाठवत होता: मुलगी मेलीच पाहिजे. म्हणजे सुटकेच्या वाटा लेखकाला दिसत होत्या, त्या एकेक करून बुजवल्या गेल्या. त्या बुजवल्याच्या खुणा कथेत राहून गेल्यात आणि म्हणूनच सत्तर वर्षांनंतरही वाचक चिडून इंधनाचा हिशोब मांडत बसतो. काटकसर आणि बेपर्वाई निसर्गनियमाचा झगा घालून कशा वावरतात, याचा इतका चोख नमुना मला दुसरा माहीत नाही. लेखकाला हे दाखवायचं नव्हतं, असं कोणी म्हणेल. नसेल. मी श्रेय कथेला देतोय, लेखकाला नाही. आणि "नियमच तसा आहे, आमचे हात बांधलेले आहेत" हे वाक्य ज्याने कुठल्याही खिडकीपाशी उभं राहून ऐकलंय, त्याला त्या वैमानिकाचा आवाज ओळखीचा वाटेल.

या कथेचं सगळ्यात चांगलं खंडन पुन्हा एका कथेनेच केलंय. जेम्स पॅट्रिक केलीच्या 'थिंक लाइक अ डायनोसॉर'ला १९९६ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिच्यात माणसाला दूरच्या ग्रहावर पाठवायचं म्हणजे तिथे त्याची हुबेहूब प्रत तयार करायची आणि इथलं मूळ शरीर नष्ट करायचं. एकदा गडबड होते आणि मूळ बाई जिवंत राहते. 'समीकरण' जुळवायचं तर तिला मारायला हवं. केलीने गॉडविनचा पेच जसाच्या तसा उचलला, पण बळी जाणाऱ्याला आणि मारणाऱ्याला पहिल्याइतकं निष्पाप ठेवलं नाही. दहा परीक्षणांनी जे झालं नसतं ते या एका कथेने केलं.

पात्रं कागदी असतात, हा दुसरा आरोप. अर्धा मान्य. 'नाइटफॉल'मधली माणसं सहा सूर्यांच्या ग्रहावर राहतात, पण बोलतात १९४१च्या अमेरिकन वार्ताहरांसारखी. दोन हजारांहून अधिक वर्षांनी एकदाच होणारी रात्र पाहून सगळी संस्कृती वेडी होते, या कल्पनेपुढे पात्रांकडे कोणी फारसं बघत नाही, हे तिचं नशीब. मी तिला पहिला क्रमांक दिला नसता. एकविसाव्या वर्षी लिहिलेली कथाच लोक आपली सर्वोत्तम मानतात, याचं खुद्द असिमोव्हलाही फारसं सुख नव्हतं. पण त्याच ग्रंथात डॅनियल कीजची 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' आहे, तिचं काय करायचं? मंदबुद्धीच्या चार्लीवर शस्त्रक्रिया होते, तो प्रकांड पंडित होतो आणि पुन्हा खाली घसरतो. हे सगळं त्याच्याच रोजनिशीतून, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, उलगडतं. ती चुकांची भाषा सुधारते आणि परत बिघडते, तेव्हा वाचकाच्या घशात आवंढा येतो. तिथे 'कागदी पात्रं' म्हणणाऱ्याने कथा वाचलेली नाही, एवढंच मी म्हणेन. गंमत पाहा: 'गॅलेक्सी'च्या संपादकाने कीजला शेवट गोड करायला सांगितला होता. कीजने नकार दिला आणि कथा १९५९ साली दुसऱ्या मासिकात छापून आणली. एका संपादकाला मरण हवं होतं, दुसऱ्याला सुख. लेखक एकीकडे नमला, दुसरीकडे नाही. जुन्या कथांबद्दल 'त्या काळी असंच होतं' असं एका दमात बोलणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

तिसरा आरोप बायकांचा, आणि तो पुरता सिद्ध होतो. २६ कथांत स्वतःच्या नावाने छापलेली बाई एकच, ज्युडिथ मेरिल. सी. एल. मूर आहे, पण नवऱ्याबरोबर घेतलेल्या 'लुइस पॅजेट' या टोपणनावाआड. लेस्टर डेल रेची 'हेलन ओ'लॉय' तर यंत्रबायकोची कथा: ती रांधते, मालिका पाहून प्रेमात पडते, नवरा गेल्यावर स्वतःलाही संपवते. तिचा बचाव मी करणार नाही. तिला संग्रहातून वगळा म्हणणाऱ्यांना मात्र माझा विरोध आहे. मतदारांची आवड काय होती याचा हा मुद्देमाल आहे आणि मुद्देमाल जाळून खटला चालत नसतो. पण 'त्या काळी बायका लिहीतच नव्हत्या' हा भक्तांचा ठेवणीतला बचाव धडधडीत खोटा आहे. ली ब्रॅकेट, कॅथरीन मॅक्लीन, झेना हेंडरसन लिहीत होत्या, छापूनही येत होत्या. मतं पडली नाहीत, एवढंच. पामेला सार्जंटने १९७५ साली 'विमेन ऑफ वंडर' आणि लिसा यासेकने २०१८ साली 'द फ्यूचर इज फिमेल!' हे संग्रह काढून त्याचं उत्तर दिलं. संग्रहाला संग्रहाने.

उरला संपादक. कॅम्पबेलचे वंशवादी विचार त्याच्याच अग्रलेखांत छापलेले आहेत. नायक काळा आहे म्हणून त्याने आपली 'नोव्हा' कादंबरी नाकारली, हे सॅम्युअल डिलेनीने लिहून ठेवलंय. २०१९ साली त्याच्या नावाचा पुरस्कार बदलून 'अस्टाउंडिंग'च्या नावे झाला, ते बरंच झालं. आता काहीजण म्हणतात, माणूस वेगळा आणि त्याचं काम वेगळं. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! परग्रहवासीयांवर माणसाने मात केलीच पाहिजे, हा कॅम्पबेलचा हट्ट टाळण्यासाठी असिमोव्हने आपल्या आकाशगंगेत परग्रहवासी ठेवलेच नाहीत. संपादकाचा पूर्वग्रह थेट गृहीतकात उतरतो तो असा. तेव्हा त्याचं नाव पाहून कथा फेकू नका आणि त्याच्याकडे कानाडोळाही करू नका; गृहीतकात त्याचा हात कुठवर पोचलाय ते तपासा.

नाव पाहून मत बनतं, याची शंका आपल्याकडे एका शास्त्रज्ञाला आधीच आली होती. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे त्यांच्या कथांवर 'विज्ञान फार, कथा थोडी' असा शेरा मारणारे आणि 'हे तर पाश्चात्त्यांचंच' म्हणणारे पुष्कळ निघाले. दुसऱ्या शेऱ्याला उत्तर 'उजव्या सोंडेचा गणपती'त आहे. माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटून परत येतो, ही कल्पना एच. जी. वेल्सने १८९६ सालीच 'द प्लॅटनर स्टोरी'त वापरली होती. वेल्स ती साक्षीपुरावे तपासावेत तशी तपासतो. नारळीकर विचारतात, अशा उलटलेल्या माणसाच्या हाती क्रिकेटचा चेंडू दिला तर? गृहीतक एक, प्रश्न निराळा. याला अनुकरण म्हणायचं तर निम्मं वाङ्मय अनुकरणातच जमा होईल.

शेवटी एक जोडी सुचवतो, पाठोपाठ वाचण्यासाठी. मरे लाइन्स्टरच्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट'मध्ये (१९४५) दोन जगांची यानं क्रॅब तेजोमेघात समोरासमोर येतात. घरचा पत्ता शत्रूला लागेल या धास्तीने कोणीच आधी परतायला धजावत नाही, आणि यानांची अदलाबदल करून पेच सुटतो. सोव्हिएत लेखक इव्हान येफ्रेमॉव्ह हा पेशाने जीवाश्मतज्ज्ञ. त्याने १९५०च्या दशकाच्या अखेरीस 'सर्पाचं हृदय' ही कथा लिहिली. तिच्यातले अंतराळवीर लाइन्स्टरची ती जुनी कथा वाचून तिच्यावर चर्चाच करतात. जे लोक ताऱ्यांपर्यंत पोचले ते एकमेकांचे गळे धरतील हे संभवतच नाही, असा त्यांचा निर्वाळा. मग त्यांनाही दुसरं यान भेटतं. त्यातली माणसं फ्लोरिनवर जगतात, त्यामुळे भेट पारदर्शक भिंतीआडून होते, पण होते गोडीगुलाबीने. वाचकाने दिलेलं याहून सविस्तर मत मी पाहिलेलं नाही. येफ्रेमॉव्हचं म्हणणं मला मनापासून पटतं. कथा म्हणून मात्र लाइन्स्टरच सरस. त्याच्या यानात भीती आहे आणि येफ्रेमॉव्हच्या यानात सगळेच शहाणे, त्यामुळे तिथे मधली बरीच पानं भाषणांनी भरावी लागली आहेत.